पायाखालचा बर्फ



भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली आणलेले पेंग्विन आपल्यापैकी अनेकांनी मुलाबाळांसह पाहिले असतील. ते हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्याकडचे. त्याच २०१६ साली दूर अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर, हॅले बे येथे, सम्राट पेंग्विनांवर मोठे संकट कोसळले. या जातीची ती जगातली दुसऱ्या क्रमांकाची वसाहत. १४ ते २५ हजार जोडपी तेथे पिल्ले वाढवीत.

या पक्ष्याला घरटे नसते. समुद्राचे पाणी गोठून जो बर्फ होतो, तीच त्याची जमीन. मे-जूनमध्ये, ऐन तिकडच्या हिवाळ्यात, मादी एकच अंडे घालते, ते नराच्या हवाली करते आणि अन्नासाठी समुद्राकडे निघून जाते. नर ते अंडे पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून दोन महिने उभा राहतो. आधीचे दिवस धरले तर जवळजवळ चार महिन्यांचा उपास! वजन चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरते. हजारो बाप एकमेकांना खेटून उभे असतात आणि हळूहळू सरकत जागा बदलतात. त्यामुळे गार वाऱ्याच्या कडेला कायम एकालाच राहावे लागत नाही. (रेशनच्या रांगेत असे कधी पाहिले नाही, एवढेच म्हणतो.)

पुढे आई परतते आणि दोघे आळीपाळीने पिल्लाला भरवितात. पण पिल्लाच्या अंगावरची करडी लव पाण्यात भिजते. पोहण्याजोगी पिसे यायला डिसेंबर उजाडतो. तोपर्यंत पायाखालचा बर्फ टिकला पाहिजे.

२०१६ साली वादळांनी तो आधीच फुटला. पिल्ले पाण्यात गेली. २०१७ आणि २०१८ सालीही जवळजवळ एकही पिल्लू वाढले नाही. त्या सुमारास आलेल्या तीव्र एल निनोशी शास्त्रज्ञांनी याचा संबंध जोडला. आईबापांची मेहनत कोठे कमी पडली होती? वर्षाला एकच अंडे, म्हणजे तीन वर्षांची जमा शून्य. मोठे पक्षी बरीच वर्षे जगतात, म्हणून ही तूट लगेच डोळ्यांत भरत नाही, इतकेच.

विष्ठेचे तपकिरी डाग उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसतात. त्यांवरून ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी हे शोधले आणि २०१९ साली प्रसिद्ध केले. बरेच मोठे पक्षी दक्षिणेकडच्या डॉसन-लॅम्बटन वसाहतीत गेले. तिची संख्या कित्येक पटींनी वाढली. पुढे २०२४ साली आणखी एक बातमी आली. हॅले बेच्या पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरवर पेंग्विनांनी नवा मुक्काम केल्याचे आढळले आहे.