कबड्डीचा दम आणि थायरॉईडची गोळी

‘थायरॉईडचा ना? मग चांगला कॅन्सर आहे तो!’ हे वाक्य माझ्या मैत्रिणीने इतक्यांदा ऐकलंय की आता ती नुसती हसते. यातले बहुतेक कॅन्सर पॅपिलरी प्रकारचे, हळू वाढणारे आणि उपचारांनी बरे होणारे असतात, हे खरंच. पण ‘चांगला’ म्हटलं की पुढचंही ठरून जातं. टाके सुकले ना, मग ये ग्राउंडवर!

ती आमच्या कॉलेजची रेडर. ऑपरेशननंतर महिनाभराने प्रॅक्टिसला आली आणि दोन रेडमध्येच खाली बसली. ‘स्टॅमिना गेला हिचा’, टीममधलंच कुणीतरी बोललं. घरी नेमकं उलटं, आई बादलीसुद्धा उचलू देईना.

माझ्या मते दोन्हीकडे चुकतंय, कारण प्रश्न जिद्दीचा नाहीये. अख्खी ग्रंथी काढली की तिचं काम रोज उपाशीपोटी घ्यायची गोळी करते, तीही आयुष्यभर. डोस बदलला की त्याचा परिणाम स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून टीएसएच साधारण ६ ते ८ आठवड्यांनी तपासतात. डोस कमी पडला तर पाय उचलत नाहीत, जास्त झाला तर जिना चढतानाच धडधड. कॅन्सर परत येऊ नये म्हणून काहींचा डोस डॉक्टर मुद्दामच जरा चढा ठेवतात. ग्रंथीच्या मागच्या ४ छोट्या पॅराथायरॉईड दुखावल्या तर कॅल्शियम उतरतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी ‘अजून एक सेट मार’ म्हणणाऱ्या ट्रेनरचं ऐकायचं नसतं, डॉक्टरांना फोन करायचा असतो.

आणि आवाज! स्वरयंत्राची नस ग्रंथीला अगदी खेटून जाते. ती दुखावली की आवाज बसतो, कधी काही आठवडे, कधी काही महिने. रेडरला तर एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचं असतं, तेही अंपायरला ऐकू जाईल असं. हे टीममध्ये कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

चालणं बहुतेकांना लगेच सुरू करता येतं. वजनं आणि धक्काबुक्कीचा खेळ मात्र सर्जनने हो म्हटल्यावरच. या दोन टोकांच्या मधले दोन-तीन महिने आमच्या जिमखान्याच्या फॉर्मवर नाहीतच. तिथे दोनच चौकोन आहेत, फिट आणि अनफिट. तिसरा छापायला कितीसा खर्च येतो? त्यात डॉक्टरांनी लिहावं: वॉर्मअप चालेल, पकड नको, पुढची टीएसएच अमुक तारखेला. आणि तोपर्यंत तिची टीममधली जागा राखून ठेवावी.