खेळ म्हटला की लागणारच?

तर झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. माझ्या भाच्याचा मुलगा, वय वर्षं ११, मुक्काम न्यू जर्सी. डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे जाळी, खांदे दुप्पट दिसतील असं चिलखत. अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये त्याची निवड झाली होती. पाठोपाठ अंगठे, टाळ्या, "शाब्बास रे वाघा!" मी एकटीनेच लिहिलं, "मला हे बरं वाटत नाही." भाच्याचं लगेच उत्तर, "आत्या, खेळ म्हटला की लागणारच. आणि हेल्मेट आहे ना!"

ग्रुपवर वाद नको म्हणून गप्प बसले. पण ती दोन वाक्यं काही डोक्यातून जाईनात. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. भाचा हा ब्लॉग वाचतो, हे मला ठाऊक आहे.

आधी "लागणं" म्हणजे काय ते बघू. आमच्या पिढीला डोक्याला मार म्हटलं की नरी कॉन्ट्रॅक्टर आठवतो. १९६२ साल, बार्बाडोस, ग्रिफिथचा चेंडू. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या, माणूस वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. तो मार सगळ्या जगाला दिसला. मी बोलतेय तो मार दिसतच नाही. त्यात रक्त नाही, टेंगूळ नाही. मुलगा उठतो, चड्डी झटकतो आणि पुन्हा खेळायला लागतो.

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोकं कशावर तरी आदळून थांबतं, तेव्हा कवटी थांबते, पण मेंदू थांबत नाही. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे फेकला जातो ना, तसं. आता एसटीचा पत्रा कितीही जाड करा, आतला प्रवासी पडायचा राहील का? हेल्मेटचं तेच आहे. कवटी फुटण्यापासून ते वाचवतं, आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. पण आतला धक्का ते थांबवू शकत नाही. त्या धक्क्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात. हे वर्षानुवर्षं होत राहिलं की टाऊ नावाचं प्रथिन आपली जागा सोडून गुठळ्या करायला लागतं. खेळ सोडल्यावर कित्येक वर्षांनी विसराळूपणा, संताप, नैराश्य आणि शेवटी स्मृतिभ्रंश. या रोगाला सीटीई म्हणतात. त्याचं पक्कं निदान आजही माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच होतं.

हे काही नवं ज्ञान नाही. योगायोग बघा, भाच्याच्याच न्यू जर्सीतले डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या या अवस्थेवर लेख लिहिला होता. म्हणजे जवळपास शंभर वर्षं झाली!

आता माइक वेबस्टरची गोष्ट ऐका. हा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये १९७४ ते १९९० असे १७ हंगाम खेळला. सेंटर म्हणून. म्हणजे प्रत्येक डाव यानेच सुरू करायचा आणि त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड माणसावर आदळायचं. चार वेळा त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला. निवृत्तीनंतर मात्र संसार मोडला, पैसा गेला, आणि हा नामवंत खेळाडू आपल्या ट्रकमध्ये झोपायला लागला. २००२ मध्ये ५० व्या वर्षी वारला. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. वरून अगदी नीट दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली टाऊ सापडलं. २००५ मध्ये त्यांनी ते छापलं, तर एनएफएल या लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी "लेख मागे घ्या" म्हणून मागणी केली. ही समिती मेंदूच्या दुखापतींसाठी १९९४ मध्ये नेमलेली, आणि तिचे पहिले अध्यक्ष कोण? संधिवाताचे डॉक्टर! फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे, हे लीगच्या मोठ्या अधिकाऱ्याने उघड मान्य केलं ते २०१६ मध्ये.

२०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी १११ माजी एनएफएल खेळाडूंचे मेंदू तपासले. ११० मध्ये सीटीई. आता प्रामाणिकपणे सांगते, हे मेंदू घरच्यांनी दान केलेले होते, आणि त्रास दिसला म्हणूनच बहुतेकांनी दिले असणार. त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हा रोग होतो असा अर्थ कुणी काढू नये. पण २०२३ मध्ये ६३१ मृत खेळाडूंवरचा अभ्यास आला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. किती वेळा मेंदूला जबर मार बसल्याची नोंद आहे, यावरून सीटीईचा अंदाज येत नव्हता. तो येत होता एकूण किती धक्के आणि किती जोराचे बसले, यावरून.

मंडळी, माझं सगळं म्हणणं यातच आलं. "खेळ म्हटला की लागणारच" हे म्हणताना आपण अपघात धरून चाललेले असतो. इथे कुणाला काहीच लागलं नाही, त्या दिवशीही नुकसान होत असतं. नियमाप्रमाणे, पंचांच्या देखत, टाळ्यांच्या गजरात.

साध्या फुटबॉललाही हे चुकलेलं नाही. इंग्लंडचा जेफ ॲसल हेडिंगसाठी प्रसिद्ध होता. २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला, तेव्हा चौकशीत मृत्यूचं कारण व्यावसायिक आजार असं ठरलं. गिरणीत कापसाच्या धुळीने फुप्फुसं जायची, तसा! २०२० पासून इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवायचं नाही, अशी मार्गदर्शक सूचना आहे.

कुणी म्हणेल, खेळाडू स्वखुशीने खेळतात. पंचविशीचा माणूस सगळं समजून खेळत असेल तर मी कोण अडवणार? पण ११ वर्षांच्या पोराची कसली आलीय स्वखुशी? त्याची मान अजून कोवळी, डोकं अंगाच्या मानाने जड. पन्नाशीत आपण कसे असू, हे त्याला कळणार आहे का? त्याच्या वतीने हो म्हणतो ते आपण.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. खूप वर्षांपूर्वी आंतरशालेय कबड्डीला मुलं घेऊन गेले होते. पकड करताना आमच्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. त्यातला एक मला विचारतो, "बाई, आपण कुठल्या शाळेत आलोय?" आम्ही हसलो. तोंडावर पाणी मारलं, लिंबूसरबत पाजलं आणि पुन्हा मैदानात पाठवलं. त्याने पकडी केल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदू सुजून मुलाचा जीवही जाऊ शकतो, हे मला पुष्कळ नंतर समजलं. तो मुलगा आज सुखात आहे, गावात दुकान चालवतो. त्यात आमची हुशारी काही नव्हती, त्याचं नशीब होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं. आज भाच्याला माहीत आहे, निदान हे वाचल्यावर तरी.

मुलाला घरात कोंडा, असं मी म्हणत नाही. माझी सगळी नोकरी पोरांना मैदानावर हाकलण्यात गेली. त्याच्या त्याच फुटबॉलचा फ्लॅग फुटबॉल नावाचा प्रकार आहे. त्यात पाडापाडी नाही, चेंडू घेऊन पळणाऱ्याची कमरेची पट्टी ओढली की तो डाव तिथेच थांबतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो आहे. म्हणजे कमीपणा वाटायचं काही कारण नाही. पळू दे, पडू दे, गुडघे फुटू देत. गुडघ्यावर खपली धरते रे बाबा, मेंदूवर धरत नाही.

असो. भाच्या, राग आला असेल तर फोन कर. नसला आला तरी कर. पण त्या पोराला पुढच्या सरावाला पाठवायच्या आधी कर.