नफरत कुणाची?

इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे वेडा. हा शब्द आमच्या देवळालीवरून आला. ब्रिटिश अमदानीत मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोल्जर इथल्या छावणीत महिनोन्महिने पडून राहत. डोके फिरले की त्याला ‘डूलॅली टॅप’ म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. रोग त्यांचा, बदनामी गावाची!

देवळाली कॅम्पला लागूनच भगूर, सावरकरांचे जन्मगाव. मराठीतून अरबी-फारसी शब्द काढून टाकण्याची भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी चालवली. त्या हिशेबाने ‘नफरत’ परकी आणि ‘घृणा’ घरची. पण घरच्या शब्दाचे कूळ तरी कुणी तपासले आहे काय? संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा. म्हणून तर दयामाया नसलेल्या खुनाला आपण आजही ‘निर्घृण’ म्हणतो. दयेचा शब्द तिरस्काराला जुंपला, तो कोणत्या परक्याने?

आता नफरत. मूळ अरबी धातूचा अर्थ बिथरणे, बुजून दूर पळणे. सिंहाला पाहून उधळलेल्या गाढवांसाठी कुरआनात, सूरह मुद्दस्सिरमध्ये, याच धातूचा शब्द आला आहे. म्हणजे नफरत करणारा शूर नसतो, बुजलेला असतो. हा अर्थ ध्यानात ठेवला तर व्यासपीठावरच्या कितीतरी गर्जनांमागची भीती ऐकू येईल.

पण आपली वर्तमानपत्रे अशा भाषणाला काय म्हणतात? ‘वादग्रस्त वक्तव्य’! वाद दोन बाजूंचा असतो. एका वस्तीला शिव्या देणे हा वाद कसा? 28 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला: तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता, द्वेषपूर्ण भाषणावर गुन्हा नोंदवा. न्यायालयाने रोगाला नाव दिले. बातमीदाराची लेखणी का अडखळते?

आणि मित्रहो, ‘बोलणाऱ्याचा धर्म न पाहता’ हे शब्द आपल्यालाही लागू आहेत. लोकांना शुभवार्ता द्या, त्यांना बिथरवून दूर लोटू नका, अशी पैगंबरांची ताकीद बुखारीत नोंदलेली आहे. तिथेही धातू हाच. मग दुसऱ्या मसलकच्या माणसाला मशिदीच्या दारातून परत पाठवणारे, प्रश्न विचारणाऱ्या मुलीला बेदीन ठरवणारे आपण कोण? त्यालाही आपण ‘मतभेद’ म्हणतो. हेही वर्तमानपत्री मराठीच झाले!

शब्द हाकलून ताप उतरत नाही. तो कुणाच्या अंगात आहे, ते आधी सांगावे लागते. सुरुवात आपल्यापासून करू या.