नायगावची चिठ्ठी : म्हशी कोण बघणार?



अंदमान हे नाव आपल्या घरात दरवर्षी एकदा तरी येते. मे महिना अर्धा सरला, अंगाची काहिली होऊ लागली, की रेडिओवर बातमी लागते, 'मान्सून अंदमानात दाखल.' ती कानावर पडली की घरचा कर्ता माणूस बियाण्याचा हिशेब मांडायला बसतो. पण जिथून आपला पाऊस येतो ती बेटे आहेत तरी कशी, तिथे माणसे राहतात काय, पिकवतात काय, हे पाहायला आपण जावे, असे शेतकऱ्याच्या मनात सहसा येत नाही. आमच्या वहिनींच्या मनात ते आले. त्यांचीच हकिगत आज सांगतो. तिच्यात तुमच्या उपयोगाच्या बऱ्याच गोष्टी आहेत.

आमचे गाव बार्शी तालुक्यात. मी मात्र नायगावच्या चाळीत, दहा बाय सोळाच्या खोलीत वाढलो. गावची माणसे आमच्याकडे उतरतात. सहलीला कोणी येत नाही. नायगावहून परळ पायी जाता येते, आणि परळला के.ई.एम. आणि टाटा ही दोन इस्पितळे आहेत. आमच्या खोलीतल्या पथाऱ्यांवर गावातली निम्मीअधिक घरे कधी ना कधी झोपून गेली असतील, उशाशी तपासण्यांच्या कागदांची पिशवी घेऊन.

थोरले दादा आणि वहिनीही तसेच आले होते. दादांचे उपचार टाटामध्ये पाच महिने चालले आणि देवाच्या दयेने ते बरे झाले. शेवटच्या तपासणीच्या दिवशी संध्याकाळी मी दोघांना दादर चौपाटीवर नेले. वहिनी बराच वेळ पाण्याकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "भावजी, एकदा या पाण्यावरनं कुठंतरी जायचं. हातात कागदाची पिशवी न घेता."

दादा लगेच म्हणाले, "आणि म्हशी कोण बघणार?"

मंडळी, आपल्याकडच्या सगळ्या सहली या एका वाक्यापाशी अडतात. यावर वहिनी जे बोलल्या ते मी विसरलो नाही. "बैलाला वर्षातनं एक पोळा असतो. आपल्याला कुठला?"

तिथून बेत सुरू झाला. पहिला प्रश्न होता कधी जायचे. अंदमानात पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांचा नसतो. मेच्या उत्तरार्धात सुरू होतो, मग परतीचा, मग ईशान्येकडचा, असा डिसेंबरपर्यंत येत राहतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर, म्हणजे कोकणाएवढा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळांचीही भीती असते. समुद्र शांत असतो तो जानेवारी ते एप्रिल. आता हे आपल्या कामाशी जुळवून पाहा. जानेवारीत ज्वारी हुरड्यात असते, पाखरे राखावी लागतात. फेब्रुवारीत काढणी, मग मळणी. कडबा गंजीला लागला की पाडव्यापर्यंत जे दहा-पंधरा दिवस मिळतात ते जिरायतदाराचे हक्काचे. आम्ही तेच धरले. ऊसवाल्यांना आणि द्राक्षवाल्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांनी आपापली फट शोधावी.

म्हशी दोन होत्या. एक आटलेली, गाभण. दुसरी दुभती. तिच्यासाठी शेजारच्या पुतण्याशी ठरले, दूध तुमचे, वैरण आमची. दूध पूर्ण त्याचे, अगदी रतिबाचे पैसेसुद्धा. यात हात आखडता घेऊ नका. वैरण मोजून देणाऱ्याची म्हैस दुसऱ्याच्या दावणीला नीट राहत नाही. शिवाय जायच्या आधी आठ दिवस पुतण्याची बायकोच धार काढायला येत होती, म्हणजे जनावराला तिचा हात ओळखीचा झाला. ही वहिनींची युक्ती, माझी नव्हे.

पैशाचे थोडक्यात सांगतो. एका वर्षाच्या तुरीचे पैसे वेगळे ठेवले होते, त्यातून सगळे झाले. पीककर्ज उचलून कोणी सहलीला जाऊ नये, हे सांगायला मी कशाला पाहिजे!

आता रस्ता. बार्शीकडच्या माणसाला मुंबईला यायचे कारणच नाही. मुंबई-चेन्नई लोहमार्ग कुर्डुवाडी, सोलापूरवरूनच जातो. तिथे बसले की दुसऱ्या दिवशी चेन्नई. चेन्नईहून पुढे जहाज किंवा विमान. दादांना जहाजाची फार हौस होती. पण जहाजाला तिकडे पोहोचायला अडीच-तीन दिवस लागतात, ते महिन्यातून मोजक्याच वेळा सुटते आणि तारखाही फार आधी कळत नाहीत. दावणीला म्हैस सोडून आलेल्याला हे परवडत नाही. विमान सव्वादोन-अडीच तासांत पोहोचवते. तिकीट दोन-तीन महिने आधी काढले तर बरेच स्वस्त पडते. चेन्नईत एक रात्र मुक्काम ठेवा. गाडी उशिरा आली म्हणून विमान चुकणे हे फार महागाचे दुःख आहे. आणि एक, विमानात सुके खोबरे नेऊ देत नाहीत, पेट घेते म्हणून. वहिनींचा अडकित्ता हातातल्या पिशवीत होता तो तपासणीत काढून घेतला. मोठ्या सामानात टाकला असता तर वाचला असता. त्याची हळहळ त्या अजून करतात.

किती ठिकाणे पाहायची यावरून आमचा वाद झाला. दादा म्हणत, एवढा खर्च केला तर सगळे पाहून येऊ. मला मात्र एका सहल कंपनीचा अनुभव होता. सहा दिवसांत अकरा ठिकाणे! पहाटे उठवायचे, बसमध्ये कोंबायचे, "वीस मिनिटं आहेत, फोटो काढा." परत आल्यावर मला चार दिवस रजा घ्यावी लागली होती. अंदमान-निकोबारात लहानमोठी मिळून पाचशेहून अधिक बेटे आहेत, वस्तीची चाळिसाच्या आतच. निकोबारला सहलवाल्यांना जाऊ देत नाहीत. उरलेल्यांतूनही तीनच निवडावीत, असे मी हट्टाने ठरवले. दोन रात्री मुख्य शहरात, तीन रात्री शहीद द्वीपवर, दोन स्वराज द्वीपवर आणि शेवटची रात्र पुन्हा शहरात. ही शेवटची रात्र कधीही गाळू नका. वारा सुटला की बेटांमधल्या बोटी बंद होतात, आणि विमान कोणासाठी थांबत नाही.

नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो. आपण शाळेत शिकलो त्या पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप ही नावे २०१८ची. लोकांच्या तोंडी अजून जुनीच आहेत.

शहरात पाहायचे ते सेल्युलर जेल. १८९६ साली काम सुरू होऊन १९०६ मध्ये ते पुरे झाले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या. आज तीनच उभ्या आहेत. एका कोठडीत एकच कैदी, आणि समोर दिसते ती पुढच्या इमारतीची पाठ, म्हणजे माणसाला माणसाचे तोंड दिसू नये. सावरकर इथे १९११ मध्ये आले आणि १९२१ पर्यंत होते. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासूनच याच तुरुंगात. बंगालचे, पंजाबचे किती तरी तरुण इथे खितपत पडले, काही परत आलेच नाहीत. १९७९ मध्ये ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण झाली.

आवारात कोलू ठेवला आहे. कोलू म्हणजे आपला तेलाचा घाणा. कैद्याला तो फिरवून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढावे लागे, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. कमी पडले की फटके, दंडाबेडी. दादा त्या दांड्याला हात लावून उभे राहिले. आमच्या गावात पूर्वी तेल्याचा घाणा होता, झापड बांधलेला बैल दिवसभर फिरायचा, आम्ही पोरे दांडीवर बसायचो. दादा म्हणाले, "हे बैलाचं काम. आणि बैलालासुद्धा तेली मधी सोडून पाणी दाखवायचा." मग त्या दिवशी ते फारसे बोलले नाहीत. संध्याकाळी तिथे ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम असतो, तो जरूर पाहा.

तिथे संध्याकाळ लवकर होते. घड्याळ आपलेच, पण बेटे इतकी पूर्वेला की पाच-साडेपाचला सूर्य बुडतो आणि पहाटे पाचच्या सुमारास उजाडू लागते. शहरातल्या माणसांची याने पंचाईत होते. पहाटे उठणाऱ्या आपल्या माणसांना मात्र हे गाव आपल्यासाठीच केल्यासारखे वाटते.

शहीद द्वीपला सरकारी बोटीने दोन-अडीच तास लागतात. निघण्याआधी पोटभर जेवू नका, तोंडात आल्याची वडी ठेवा आणि नजर लांब क्षितिजावर. हे बेट इतके लहान की सायकलवर फिरून होते. गावांची नावे ऐका, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर! फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी देऊन वसवले. जंगल तोडून त्यांनी भात, केळी, भाजीपाला उभा केला. आज आसपासच्या बेटांना भाजी इथून जाते. नारळ-सुपारीच्या बागांत मिरीचे वेल चढवलेले, अगदी रत्नागिरीकडे असतात तसे. पाऊस एवढा पडतो, तरी मार्च-एप्रिलात पाण्याची ओढ लागते. धरून ठेवायला जागाच कमी. कांदे-बटाटे, डाळी जहाजाने येतात, म्हणून महाग. हे कळल्यावर वहिनींनी उतरलो तिथल्या न्हाणीघरात बादली भरून घेतली आणि फवारा शेवटपर्यंत उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एका वांग्याच्या वाफ्यापाशी थांबल्या. आतून एक बंगाली बाई आली. एकीला मराठी येते, एकीला बंगाली. दोघी वांग्याच्या शेंड्यातली अळी दाखवून हातवारे करत होत्या, डोके हलवत होत्या. अर्ध्या तासाने वहिनी ओटीत चार वांगी घेऊन आल्या आणि आपल्याजवळची शेंगदाण्याची चटणी देऊन आल्या. स्वराज द्वीपचा राधानगर किनारा सगळ्या आशियात नावाजलेला आहे, पांढरी वाळू, निळे पाणी, सगळे खरे. पण सहलीत सर्वांत चांगले काय, असे विचारले तर वहिनी ती वांगी सांगतात.

दोन-तीन गोष्टींना मात्र जपा. किनाऱ्यावर पडलेले प्रवाळ कितीही सुंदर दिसले तरी उचलू नका. तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, तेव्हा पाटी वाचल्याशिवाय आणि रखवालदाराला विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही. आणि बाराटांगच्या गुहा पाहायला जारवा लोकांच्या जंगलातून रस्त्याने नेतात, ते माझ्या मते सोडून द्यावे. जारवा तिथले मूळचे रहिवासी, त्यांचे फोटो काढायला आणि त्यांना खायला द्यायला कायद्याने बंदी आहे. तरीही गाड्यांचे ताफे त्यांच्या अंगणातून जातात. आपल्या वस्तीवरून रोज कोणी काचा लावून माणसे पाहत गेले तर आपल्याला कसे वाटेल?

दादांना विश्रांती जमेना. पहिले दोन दिवस चारला उठून ओसरीवर येरझाऱ्या, आणि संध्याकाळी पुतण्याला फोन. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून तार टाकल्यापासून तिथे फोन बरा लागतो, त्याचा हा परिणाम. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते नारळाखालच्या बाजेवर आडवे झाले आणि सूर्य कलेपर्यंत झोपले. इस्पितळातून आल्यापासून दुपारी झोप म्हटले की त्यांना आजारपण आठवायचे, म्हणून ते टाळायचे. वहिनी शेजारी बसून होत्या. त्यांनी उठवले नाही. मला हळूच म्हणाल्या, "तोंडावरचं ऊन बघा, आपण जरा या अंगाला बसू." आणि त्या सरकून त्यांच्या तोंडावर सावली पडेल अशा बसल्या.

घरी आले तेव्हा म्हैस व्यवस्थित होती, दूध अर्धा लिटरने वाढले होते. दादांना त्याचा थोडा रागच आला.

परवा वहिनींचा फोन होता. गावातली आणखी दोन जोडपी यंदा ज्वारी निघाली की जायचे म्हणतात. त्यांपैकी एक घर पुतण्याचेच. तेव्हा आता धारेला कोण येणार, यावर पारावर चर्चा चालू आहे.