गव्हावाचून खिम्याचे गोळे

सणाच्या दिवशी खिम्याच्या गोळ्यांचे कालवण चुलीवर रटरटू लागले की घरातील मुलांचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. परंतु ज्या घरी एखाद्या मुलाला डॉक्टरांनी गहू जन्मभरासाठी वर्ज्य केला आहे, त्या घरी हाच सुवास आईला कोड्यात टाकतो. गोळे मिळून यावेत म्हणून त्यांत भिजवून पिळलेला पाव घालावयाचा, ही बहुतेक घरांतील रीत. आणि त्या पावापायी ते मूल पंगतीत बसूनही वेगळेच जेवते. त्याच्यासाठी लहान पातेल्यात काहीतरी निराळे शिजते आणि ते मूल इतरांच्या ताटांकडे पाहत आपला घास गिळते. अशा घरांतील भगिनींसाठी आजचे हे टिपण आहे. आमचे सांगणे असे की, निराळे पातेले चढविण्याचे कारणच नाही. गोळ्याला गव्हाची गरज मुळात नसते. तेव्हा सर्वांचेच गोळे गव्हावाचून करावेत आणि सर्वांनी एकाच भांड्यातून वाढून घ्यावे.

प्रथम दुखण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. मळलेली कणीक चिवट होते व ताणली असता तुटत नाही, ती याच प्रथिनामुळे. काही माणसांच्या शरीराला मात्र ते मानवत नाही. ते पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा बिथरते आणि आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तेथील बारीक मखमली अंकुर झिजून जातात. मूल खाते, पण खाल्लेले अंगी लागत नाही. पोट फुगते, हातापायांच्या काड्या होतात, जुलाब हटत नाहीत, उंची खुंटते. कित्येकांना तर पोटाची तक्रार नसते, केवळ रक्त कमी असते आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढत नाही. या विकाराला सिलिअ‍ॅक म्हणतात. जगात सुमारे शंभरात एकाला तो असतो आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो.

गहू हे या दुखण्याचे मूळ आहे, हे सिद्ध करण्याचे श्रेय विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाकडे जाते. हेग शहरातील मुलांच्या रुग्णालयात काम करीत असता त्यांना गव्हाचा संशय महायुद्धापूर्वीच आला होता. पुढे 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भयंकर अन्नटंचाई पडली. त्या काळात पाव मिळेनासा झाला आणि सारा देश उपाशी असता ही रोगी मुले मात्र सुधारू लागली. पाव पुन्हा मिळू लागताच त्यांचे दुखणे उलटले. डिके यांनी रुग्णांच्या आहारावर काळजीपूर्वक प्रयोग करून आपला प्रबंध 1950 साली उट्रेख्त विद्यापीठास सादर केला. तेव्हापासून आजतागायत या विकारावर गव्हापासून दूर राहणे हाच एक खात्रीचा इलाज आहे.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. मुलाचे पोट बिघडते म्हणून कोणाच्या सांगण्यावरून एकदम गहू बंद करू नये. रक्ताची तपासणी आणि जरूर पडल्यास आतड्याची तपासणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते. आधीच बंद केला तर तपासणीत रोग दडून राहतो. निदान डॉक्टरांचे, पथ्य आईचे, हा क्रम सोडू नये.

आता गोळ्यांकडे वळू. कोफ्ता हा शब्द फारसीतील असून त्याचा अर्थ 'कुटलेले' असा आहे. गोळा कशाने धरला जातो याचे उत्तर या नावातच आहे. मांसात मीठ घालून ते कुटले वा मळले म्हणजे त्यातील प्रथिने सुटतात, चिकट होतात आणि शिजताना एकमेकांना घट्ट धरतात. गोळा बांधणारे बंधन ते हेच. मग पाव कशासाठी? एक तर थोडे मांस पुष्कळ माणसांना पुरावे म्हणून. आणि दुसरे असे की, पावातील पिष्ट मांसातून सुटणारा रस आपल्यात धरून ठेवते, त्यामुळे गोळा मऊ राहतो. ही दोन्ही कामे पिष्ट असलेला कोणताही पदार्थ करू शकतो. मऊ भात करतो, उकडलेला बटाटा करतो, भिजवलेले पोहे करतात. पावाची जागा भाताने घेतली तर जिभेला काही उणे वाटत नाही.

भात, बटाटा वा पोहे यांची नावे आम्ही मुद्दाम घेतली. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, हरभरा यांत ग्लूटेन नसते, हे खरे. परंतु गावच्या गिरणीत त्याच जात्यावर आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात आणि पुढच्या दळणात त्यांचे पीठ मिसळतेच. म्हणून मुलाच्या पोटात जाणारे पीठ घरच्या जात्यावर वा मिक्सरवर वाटावे, आणि गोळ्यांसाठी तर गिरणीचे तोंड न पाहिलेली वस्तूच घ्यावी.

साहित्य : बकऱ्याचा किंवा डुकराचा, अथवा दोन्ही मिळून, खिमा अर्धा किलो (पाचवा हिस्सा चरबी असावी), त्याच दिवशी शिजवून निववलेला मऊ भात सुमारे 100 ग्रॅम, म्हणजे लहान वाटीभर, एक अंडे, एक लहान कांदा, मीठ चहाचा सव्वा चमचा, आले व लसूण वाटून प्रत्येकी एक चमचा, दोन-तीन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर व थोडा पुदिना, घरी कुटलेला गरम मसाला अर्धा चमचा. भात कालचा घेऊ नये. उघड्यावर राहिलेल्या शिळ्या भातात विषारी जंतू वाढतात आणि ते पुन्हा शिजवूनही निरुपद्रवी होत नाहीत.

कृती : कांदा अगदी बारीक चिरून चिमूटभर मीठ लावून ठेवावा व दहा मिनिटांनी घट्ट पिळून घ्यावा. पाणी राहिले तर गोळा फुटतो. खिमा थंड असतानाच त्यात उरलेले मीठ घालून तीन-चार मिनिटे चांगला मळावा. तो बोटांना चिकटू लागला, ताटलीवर आपटला असता एकसंध राहू लागला, म्हणजे बंधन आले असे समजावे. भात बोटांनी चुरडून लगदा करावा आणि तो, फेटलेले अंडे, कांदा व मसाले खिम्यात मिसळावेत. मीठ आधी आणि भात नंतर, हा क्रम चुकवू नये. मिश्रण अर्धा तास झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. मग हाताला पाणी लावून लिंबाएवढे गोळे वळावेत. एवढ्या साहित्यात सुमारे चोवीस होतात. सगळे वळण्यापूर्वी सुपारीएवढा तुकडा तव्यावर भाजून चव पाहावी व मीठमिरची तेव्हाच सुधारून घ्यावी.

कालवणासाठी दोन कांदे तेलावर तांबूस परतावेत, त्यांत वाटलेले आले-लसूण, हळद, तिखट व दोन टोमॅटो घालावेत. भाजलेले खोबरे, धणे व थोडी खसखस एकत्र वाटून ते वाटण लावावे, म्हणजे मैद्यावाचून रस्सा दाट होतो. आंबटपणाला आमसूल किंवा चिंच. रस्सा उकळला की आच मंद करून गोळे एकेक करून अलगद सोडावेत आणि पहिली सात-आठ मिनिटे चमचा मुळीच घालू नये. भांडे फडक्याने धरून हलकेच हलवावे. एकंदर वीस-पंचवीस मिनिटांत गोळे शिजतात. एक फोडून पाहावा; आत गुलाबी रंग राहता कामा नये. तळूनच हवे असतील तर गोळे चपटे करून, रव्याऐवजी घरी मिक्सरवर जाडसर फिरवलेल्या तांदळात घोळवावेत. मात्र पुऱ्या किंवा रव्यातले मासे तळलेले तेल त्यासाठी वापरू नये.

गोळ्यातून पाव गेला म्हणजे गहू गेला असे मात्र नव्हे. तो पुष्कळ नावांनी व पुष्कळ वाटांनी येतो. रवा, मैदा, दलिया, लापशी व बहुतेक शेवया हा गहूच. बेळगावकडे खपली गव्हाची मोठी वाखाणणी होते, पचायला हलका म्हणून तो आजाऱ्यालाही देतात. पण खपली हाही गहूच आहे आणि या मुलांना तो चालत नाही. डबीतल्या पुडीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. मेतकुटात गहू असतो, सातूच्या पिठात बहुधा असतो, आणि मुंबईकडील नातलग प्रेमाने पाठवितात त्या बाटली मसाल्यातही भाजलेले गहू घालण्याची चाल आहे. सोयाच्या काळ्या रसात सहसा गहू असतो. विकतच्या जिनसेवर 'ग्लूटेनमुक्त' असे छापलेले असल्यास, आपल्याकडील नियमानुसार तिच्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये. घरात कणीक मळण्याची परात, पोळपाट, चाळण व लाकडी कालथा या मुलाच्या अन्नाला लावू नयेत. त्याच्यासाठी एक चाळण व एक कालथा खूण करून वेगळे टांगावेत.

या दुखण्याचा प्रश्न वेदीपाशीही येतो आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वयाचे मूल असले की आईबाप चिंतेत पडतात. पवित्र भाकर गव्हाचीच असली पाहिजे, हा चर्चचा नियम आहे. रोमहून 2003 साली आलेल्या पत्रात आणि पुन्हा 2017 च्या पत्रात असे स्पष्ट केले आहे की, ग्लूटेन अजिबात नसलेली भाकर चालत नाही, परंतु भाकर होण्यापुरते अत्यल्प ग्लूटेन ठेवलेली चालते; आणि ज्यांना तीही सोसत नाही त्यांना केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. तेव्हा डॉक्टरांचे मत घेऊन धर्मगुरूंशी आधीच बोलावे. भाकरीचा कण न पडलेला निराळा प्याला ठेवण्यास त्यांना वेळ मिळाला पाहिजे.

शेवटी, ज्यांच्या घरी हे दुखणे नाही त्या वाचकांनाही एक विनंती. असे मूल आपल्याकडे फेस्ताला जेवायला आले की 'खा रे, एवढ्याशाने काय होते?' असा आग्रह आपल्या माणसांकडून मायेने होतो. एवढ्याशाने होते. रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. पावाच्या एका कापात सुमारे 2 ग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे त्या कापाचा चाळिसावा भाग, बोटांच्या चिमटीत मावेल एवढा चुरा, रोज जाणे पुरेसे आहे. म्हणून आमंत्रण देतानाच त्याच्या आईला विचारावे, भांड्यात काय काय घातले ते न विचारता सांगावे, आणि जमल्यास त्या दिवशी आपल्याही गोळ्यांत पावाऐवजी भातच घालावा. यजमानाला त्याचा खर्च वाटीभर भात. आणि त्या मुलाला मात्र न भिता दुसऱ्यांदा वाढून मागता येते.