पायलट व्हायचंय? मग तासांच्या पलीकडे बघा!

पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा धबधबा बघायला आपण गर्दी करतो. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि पाण्यालाही उचलतो. रीलसाठी भारीच! पण जोराचा वारा डोंगरमाथा ओलांडला की पलीकडे खाली उतरतो. छोटं ट्रेनर विमान तिथं सापडलं, तर इंजिनची पूर्ण ताकद लावूनही त्याची उंची घटू शकते.

म्हणून डोंगरातलं उड्डाण वेगळं शिकावं लागतं. दरीच्या मधोमध न जाता एका कडेनं उडायचं, म्हणजे मागे वळायला जागा उरते. डोंगराची धार समोरून नाही, तर तिरकी ओलांडायची. आणि ढग खाली यायला लागले की हट्ट न करता परतायचं.

आता आपल्याकडचा नियम बघा. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी डीजीसीए 200 तासांचं उड्डाण मागते. त्यात डोंगरातले किती, हे वेगळं मोजलं जात नाही. 'बारामतीत सपाट माळ आहे, तिथं डोंगराचा काय संबंध?' असं कुणी विचारेल. संबंध उन्हाचा आहे. तापलेली हवा विरळ होते, त्यात इंजिनचा आणि पंखांचा जोर कमी पडतो. लोहगाव विमानतळाची उंची 2 हजार फुटांच्या आत आहे. पण मे महिन्यात पारा 40 अंशांवर गेला, की विमानाच्या लेखी ती 5 हजार फुटांच्या पुढे जाते. म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही जास्त! धावपट्टी जास्त लागते, विमान हळू चढतं.

ऑक्टोबर 2023मध्ये बारामतीजवळ एकाच अकादमीची दोन ट्रेनर विमानं चार दिवसांत कोसळली. डीजीसीएनं तिचं प्रशिक्षण थांबवलं. कारणं काहीही असोत, प्रश्न शिकवण्याच्या दर्जाचा आहे. ऑक्टोबर 2025मध्ये डीजीसीएनं अकादम्यांची पहिली क्रमवारी काढली, तेव्हा 35पैकी एकही 'ए' श्रेणीत नव्हती.

त्यामुळे लाखोंचं लोन काढण्याआधी फी आणि तास एवढंच विचारू नका. भर दुपारच्या टेकऑफचं गणित मुलांकडून करून घेतात का? वारा वाढला की फ्लाइट रद्द होते का? फक्त तास मोजणारी व्यवस्था ते पटापट भरायला लावते. 'आज उडायचं नाही' हे सांगणारा इन्स्ट्रक्टर जिथं भेटेल, तिथंच ॲडमिशन घ्या.