ऊस आमचा, लिंबू आमचे; बरणी तेवढी सरकारची



हुपरीच्या शिवारात उभे राहून एक साधा हिशेब मांडू. लिंबाच्या सालीचे गोड मद्य करायला तीन जिन्नस लागतात : लिंबाची साल, साखर आणि शुद्ध मद्यार्क. लिंबू आपल्या बांधावर आहे. साखर आपल्या उसाची आहे. मद्यार्क मळीचा, आणि मळीही त्याच उसाची. तिन्ही जिन्नस पिकवणारा माणूस एकच. पण हे तिन्ही त्याने स्वतःच्या घरात एका बरणीत घातले, की तो गुन्हेगार ठरतो.

इटलीच्या दक्षिणेला सोरेंटो आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावर लिंबाचे मळे आहेत. तिथे घरोघरी ही बरणी भरतात. तिला ते लिमोन्चेल्लो म्हणतात. पिकलेले लिंबू धुवायचे, पिवळी साल तेवढी पातळ सोलायची. खालचे पांढरे अस्तर घ्यायचे नाही, ते कडू असते. साल मद्यार्कात बुडवून दहा-पंधरा दिवस अंधारात ठेवायची. सालीत बारीक बारीक तेलाच्या पिशव्या असतात. ते तेल पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळते. सारा वास आणि रंग मद्यार्कात उतरला की फडक्यातून गाळायचे, साखरेचा थंड केलेला पाक मिसळायचा आणि महिनाभर मुरू द्यायचे. एक लिटर ९५ टक्क्यांचा मद्यार्क, सव्वा लिटर पाणी आणि पाऊण किलोला थोडी कमी साखर घेतली, तर सुमारे ३५ टक्के मद्यार्काचे अडीच लिटरच्या वर मद्य तयार होते. यात भट्टी नाही, धूर नाही, नवसागर नाही. लोणचे घालणाऱ्या बाईला यात शिकण्यासारखे फार थोडे आहे. मद्यार्काची बाटली तिकडे किराणा दुकानात मिळते.

आता हुपरीला या. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. आधी तो ‘मुंबई’चा होता, २०१२ मध्ये ‘महाराष्ट्रा’चा झाला. या कायद्यात दारू ‘तयार करणे’ म्हणजे केवळ गाळणे नव्हे; मिसळणेसुद्धा त्यातच येते. म्हणजे कर भरलेली, सरकारमान्य दुकानाची पावती असलेली बाटली आणून तिच्यात लिंबाची साल आणि पाक घातला, तरी विनापरवाना दारू केल्याचा ठपका येऊ शकतो. हा कायदा आला तेव्हा राज्य दारूबंदीचे स्वप्न पाहत होते. आज त्याच राज्याच्या तिजोरीत दारूच्या शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर रक्कम पडते. स्वप्न मोडले, तिजोरी भरली, आणि कायद्याचा बडगा बांधावरच्या माणसासाठी शिल्लक राहिला.

मळी कोणाची?

एक टन ऊस घ्या. आपल्या जिल्ह्यात त्यातून ११०-१२० किलो साखर निघते आणि चाळीसेक किलो मळी. त्या मळीतून नऊ-दहा लिटर मद्यार्क होतो. २०२५-२६ च्या हंगामाचा रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये ठरला. शेतकऱ्याचा संबंध इथे काट्यावर संपतो. पुढे मळीची आसवनी, आसवनीचा मद्यार्क, मद्यार्काची रंगीत बाटली, बाटलीवरचे शुल्क आणि दुकानदाराचा नफा, या प्रत्येक पायरीवर कोणीतरी कमावतो. ऊस पिकवणारा त्यात कुठे नसतो.

त्या मद्यार्काचे काय करायचे तेही दिल्लीच ठरवते. आधी सांगितले, इथेनॉल करा. कारखान्यांनी कर्जे काढून प्रकल्प उभे केले. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन हंगामात, फर्मान निघाले की उसाच्या रसापासून इथेनॉल करायचे नाही. पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ते मागे घेतले. नळ सुरू करणारे तेच, बंद करणारे तेच. औद्योगिक मद्यार्कावर सत्ता केंद्राची की राज्याची हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यांच्या बाजूने निकाल लागला. केंद्र आणि राज्य भांडले, निकाल झाला. उसाच्या मालकाला कोणी विचारले नाही.

लिंबाची कथा याहून वेगळी नाही. उन्हाळ्यात लिंबू महाग असते, पण तेव्हा झाडावर फळ कमी. हस्त बहर साधला त्याला चार पैसे मिळतात. आंबे बहराचे फळ पावसाळ्यात येते, तेव्हा सरबत कोणाला हवे? भाव पडतो, तोडणीची मजुरी सुटत नाही, फळ झाडाखाली पिवळे होऊन कुजते. या मद्याला तर पिवळे फळच लागते, आणि त्याची सालच लागते. रसाचे सरबत, लोणचे वेगळे करता येते. जाड सालीचे ईडलिंबू, महाळुंग, नागपूरकडचे संत्रे, जालन्याची मोसंबी, सगळ्यांना हीच रीत लागू आहे. फ्रान्समध्ये कॉइन्ट्रोचे घराणे संत्र्याच्या सालीवर उभे आहे. आपल्याकडे रसवंतीच्या दारात साल उकिरड्यावर जाते.

माजघरातला कारखाना

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीची मांडणी केली. त्यातले एक अंग होते माजघर शेती : कच्चा माल तसाच बाजारात ओतू नका, घरात त्यावर प्रक्रिया करा. पापड, लोणची, मसाले यांपर्यंत सरकारने टाळ्या वाजवल्या. ज्या प्रक्रियेत खरा पैसा आहे तिच्या दारात मात्र शिपाई उभा केला.

घरातला धंदा म्हणजे काय, हे हुपरीला शिकवायची गरज नाही. इथली चांदी घराघरांत घडते. पैंजणाच्या कड्या जोडणारे, घुंगरू लावणारे हात आसपासच्या गावांतल्या बायाबापड्यांचे आहेत. सोन्यावर १९६३ मध्ये नियंत्रण आले, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि सोनारांच्या पिढ्या देशोधडीला लागल्यावर १९९० मध्ये तो रद्द झाला. चांदी त्या कायद्यात नव्हती. समजा असती, आणि प्रत्येक घुंगरामागे परवाना लागला असता, तर हुपरीचे नाव आज कोणी ऐकले असते काय?

शेजारी गोवा पाहा. काजूच्या बोंडांची फेणी तिथे परवान्याच्या छोट्या भट्ट्यांवर निघते. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये सरकारने तिला राज्याचा वारसा म्हटले. सीमा ओलांडून सिंधुदुर्गात या. तेच बोंड बहुतेक करून बागेत सडते. जर्मनीत फळबागवाल्यांच्या छोट्या भट्ट्यांना वर्षाला ३०० लिटर शुद्ध मद्यार्क काढण्याची मुभा आहे. तिथले सरकार त्यामुळे बुडालेले नाही.

आपल्या सरकारला नवा रस्ता काढता येत नाही असेही नाही. २००१ मध्ये द्राक्षांसाठी धोरण आले आणि नाशिककडे वाइनचे कारखाने उभे राहिले. जून २०२५ मध्ये तिजोरीला पैसा हवा होता, तर मंत्रिमंडळाने धान्यापासूनच्या दारूचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा वर्गच तयार केला. कारखानदारासाठी एका बैठकीत नवा वर्ग निघतो. शेतकऱ्याच्या बरणीसाठी पंचाहत्तर वर्षांत निघाला नाही.

बायांचा प्रश्न

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ही मागणी सभेत मांडली की पहिला विरोध मायबहिणींचा येईल, आणि तो रास्त आहे. दारूने मोडलेले घर कसे असते हे त्यांना ठाऊक आहे. गावोगाव ‘आडवी बाटली’ करून त्यांनी दुकाने बंद पाडली आहेत. मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. हे विसरून बोलणारा माणूस आमचा नव्हे.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. ३५ टक्के मद्यार्क म्हणजे दारूच, तिला सरबत म्हणून खपवायचे नाही. घरात भट्टी लावायची मुभा आम्ही मागत नाही, कारण घात तिथे होतो. विषारी दारूचे बळी मिथेनॉलने जातात. कारखान्यातला औद्योगिक किंवा विकृत केलेला मद्यार्क चोरून आणून कोणी बरणीत घातला, तर तो खून आहे. आणि परवाना नसताना आज कोणी हे करावे, असेही आम्ही सांगत नाही. लढाई उघड करायची आहे.

पण एक विचारतो. झिंगायला निघालेला माणूस दीड महिना बरणीकडे बघत बसतो काय? तो नव्वद मिलिची बाटली उभ्या उभ्या रिचवतो, आणि ती त्याला सरकारमान्य दुकानातच मिळते. घर मोडणाऱ्या बाटलीला परवाना, आणि घराला चार पैसे देणाऱ्या बरणीला तुरुंग, हा न्याय मायबहिणींना तरी पटतो काय? ही बरणी बाईच्या नावावर असावी, पैसा तिच्या खात्यात यावा, असे आमचे म्हणणे आहे.

ठराव

जिल्हा बैठकीपुढे आम्ही या मागण्या ठेवतो.

एक, फळांच्या सालीचे मद्य असा वेगळा वर्ग करावा. त्यात फक्त पिण्यायोग्य, तपासलेला, शुल्क भरलेला मद्यार्क वापरावा. घरी गाळायला मनाई राहावी.

दोन, घरच्या वापरासाठी वर्षाला ठरावीक लिटरपर्यंत मिसळणे हा गुन्हा नसावा.

तीन, विक्रीसाठी शेतकरी महिलांना आणि त्यांच्या गटांना परवडेल अशा फीचा परवाना मिळावा. प्रत्येक घाणीची तपासणी व्हावी, बाटलीवर टक्केवारी आणि करणारीचे नाव असावे.

चार, ज्या गावाने बाटली आडवी केली, तिथे त्या गावाच्या मंजुरीशिवाय हा परवाना देऊ नये.

यात अनुदान मागितलेले नाही, कर्जमाफीही नाही. आपल्या मालावर आपल्याच घरात हात चालवायची मोकळीक तेवढी मागितली आहे. ठरावावर बोलायला प्रत्येक तालुक्यातून निदान दोन बाया याव्यात, बाजूने असोत की विरोधात. त्यांना पटले नाही तर ठराव पुढे न्यायचा नाही. पटले, तर मुंबईला जाणाऱ्या निवेदनावर पहिली सही त्यांची असेल.